कुलपातला चहा आणि लाकडातली फुले

मराठी मध्यमवर्गीय माणसाच्या घरात देव्हाऱ्याच्या खालोखाल हटकून सापडणारी वस्तू कोणती, असे मला कोणी विचारले तर मी टीपॉय असे उत्तर देईन. सोफा नसला तरी चालतो. दोन वेताच्या खुर्च्या असतात आणि त्यांच्या मध्ये टीपॉय असतोच. त्यावर वर्तमानपत्र असते, चष्म्याचे घर असते, कोणाचे तरी औषध असते, आणि पाहुणे आले की हे सारे घाईघाईने उचलून तिथे चहाचा ट्रे येतो. चहा ठेवायचा म्हणून टी-पॉय, अशी व्युत्पत्ती माझ्या वर्गातली मुले दर वर्षी बिनदिक्कत सांगतात. 'मग पॉय म्हणजे काय हो?' असे विचारले की वर्गात शांतता पसरते.

वस्तुतः या शब्दाचा चहाशी जन्माचा असा काहीच संबंध नाही. हिंदुस्थानीत तीन पायांच्या घडवंचीला तिपाई म्हणतात. आपली तिवई ही तिची चुलत बहीण. चारपाईला चार पाय, तसे तिपाईला तीन. कंपनी सरकारच्या साहेबांनी चारपाईचे 'चारपॉय' केले आणि तिपाईचे 'टीपॉय'. साहेब पेन्शनीत निघाला तेव्हा हा शब्दही त्याच्याबरोबर बोटीत बसून विलायतेला गेला, आणि तिथे मोठी गंमत झाली. लंडनच्या सुतारांनी व दुकानदारांनी त्यातला 'टी' तेवढा ऐकला. त्यांची खात्रीच पटली की हे चहाचेच काहीतरी असणार! मग एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, एका खांबावर उभी केलेली, वरून झाकण उघडणारी आणि आत चहाचे डबे असलेली एक देखणी पेटी टीपॉय या नावाने विकली जाऊ लागली. यूल आणि बर्नेल या विद्वानद्वयाचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश १८८६ साली निघाला, त्यात या घोटाळ्याबद्दल लंडनच्या दुकानदारांचे कान उपटलेले आहेत. पण शब्द कोशकारांचे ऐकतात थोडेच! तो टीपॉय यथावकाश आपल्याकडे परत आला, आणि आता त्याला चार पाय असले तरी आपल्याला काही खटकत नाही.

आज मला सांगायचे आहे ते त्या खांबावरच्या पेटीविषयी आणि तिच्या गोतावळ्याविषयी. चहाच्या पेट्या, चहाची टेबले, तबके, किटल्या ठेवायच्या घडवंच्या, असा हा मोठा परिवार आहे. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात तो घडला. त्यातल्या उत्तम वस्तूंवर लाकडातच लाकूड जडवून काढलेली फुले, शंख, पंखे आणि वेली असतात. रंगाचा कुंचला लावलेला नसतो. पाकळीही लाकडाची आणि पाकळीवरची सावलीही लाकडाचीच. आणि या सगळ्या नाजूक नक्षीच्या मधोमध, पितळेच्या किंवा हस्तिदंताच्या चकतीत, एक भोक असते. ते किल्लीचे.

चहाला कुलूप का, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. सॅम्युएल पेप्स या लंडनच्या सरकारी अधिकाऱ्याने २५ सप्टेंबर १६६० च्या रोजनिशीत, आपण पूर्वी कधी न प्यालेले 'टी' नावाचे एक चिनी पेय आज मागवले, अशी नोंद केली आहे. पुढे दोनच वर्षांनी, १६६२ मध्ये, पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रॅगान्झा ही दुसऱ्या चार्ल्सची राणी होऊन इंग्लंडात आली. या बाईंच्या आंदणात काय होते ते मुंबईकराला सांगायला नको. बाईंना माहेरापासून चहाची सवय. चहा इंग्लंडात त्यांनीच प्रथम नेला असे पुष्कळदा सांगतात ते खरे नव्हे, पेप्सची रोजनिशीच त्याला आडवी येते; पण चहाला दरबारी इभ्रत आली ती मात्र त्यांच्यामुळे. मुंबई आणि चहापान ही दोन्ही इंग्रजांना एकाच लग्नात पावली, असे म्हणायला हरकत नाही.

आता भाव पाहा. लंडनच्या गॅरवे नावाच्या कॉफीगृहवाल्याने त्या सुमारास काढलेल्या जाहिरातीत चहाचा दर रत्तलाला सोळा ते पन्नास शिलिंग असा आहे. वीस शिलिंगांचा एक पौंड. म्हणजे उत्तम चहा चार रत्तल घ्यायचा तर दहा पौंड पडत. आणि १६६८ साली राजाने सबंध मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिले ते वर्षाला दहा पौंड भाड्याने! चार रत्तल चहा की वर्षभर मुंबई, असा तो हिशेब होता.

अठराव्या शतकात चहा पुष्कळ आला, भाव उतरला, पण सरकारने करावर कर चढवले. १७८४ पर्यंत ही जकात शेकडा ११९ वर गेली होती. चोरटा चहा किनाऱ्याकिनाऱ्याने उतरत होता आणि पाद्रीबुवासुद्धा तो घेत होते. शेवटी धाकट्या पिटच्या सरकारने त्या साली कर एकदम साडेबारा टक्क्यांवर आणला, तेव्हा कुठे सामान्य गृहस्थाला उजळ माथ्याने चहा पिता येऊ लागला. तोवर चहाची जागा स्वयंपाकघरात नव्हती. तो दिवाणखान्यात, घरधनिणीच्या डोळ्यांसमोर, कुलपात राहत असे.

या पेटीला इंग्रजीत 'कॅडी' म्हणतात. हाही शब्द पूर्वेचाच. मलायी भाषेत 'कती' हे एक वजन आहे, सुमारे सहाशे ग्रॅमचे. त्यावरून हे नाव पडले. पेटी बहुधा वीतभर लांब. झाकण उघडले की आत दोन कप्पे, एकात हिरवा चहा आणि एकात काळा, दोन्हींना शिशाच्या किंवा कथलाच्या पत्र्याचे अस्तर, म्हणजे वास उडू नये आणि दमट हवा आत शिरू नये. मोठ्या पेटीत दोन कप्प्यांच्या मध्ये एक काचेचा वाडगा बसवलेला असतो. तो दोन चहा मिसळण्यासाठी की साखरेसाठी, यावर जाणकारांत दोन तट आहेत आणि दोन्ही तट आपापला वाडगा सोडायला तयार नाहीत. मला स्वतःला साखरेचा पक्ष पटतो. साखरही तेव्हा कुलपात ठेवण्याइतकीच महाग होती.

चहा करण्याचा तो विधी पाहण्यासारखा असला पाहिजे. नोकर फक्त गरम पाणी आणून देत. त्या पाण्याच्या भांड्यासाठी वेगळी उंच, अरुंद घडवंची असे, आणि तिच्या कडेतून एक लहानशी फळी ड्रॉवरसारखी बाहेर ओढता येई; तोटीखाली चहादाणी ठेवायला. बाई कमरेची किल्ली काढून पेटी उघडत, मोजून चहा घालत, पुन्हा कुलूप लावत. पाहुण्यांसमोर हे सारे चाले. कोठीच्या खोलीची किल्ली कनवटीला लावून फिरणारी आजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या बाईंचा रुबाब कळायला अडचण पडणार नाही. घरातल्या पैशाअडक्यावर नवऱ्याची सत्ता, जमिनीजुमल्यावर नवऱ्याची सत्ता. लग्न झालेल्या इंग्रज बाईला कायद्याने स्वतःच्या नावाने फारसे काही बाळगताही येत नसे. पण ती वीतभर पेटी तिची होती.

आणि ज्यांच्यासाठी हे कुलूप, ती नोकरमाणसे? मालकांचा चहा पिऊन झाला की चोथा त्यांच्या वाट्याला येई. तो पुन्हा उकळून पीत, किंवा वाळवून विकत. असा चोथा विकत घेऊन, त्याला रंग चढवून, ॲश आणि स्लो या झाडांची पाने मिसळून 'नवा' चहा करणारे लोक लंडनमध्ये इतके माजले की त्यांच्याविरुद्ध पार्लमेंटला कायदे करावे लागले. त्यातला एक १७७७ सालचा. वापरलेल्या चहापत्तीला रंग देऊन विकणारे आपल्याकडेही अधूनमधून पकडले जातात. विद्या जुनी आहे.

इंग्लंडात चहाचा प्रश्न 'चोरील कोण' असा होता. आपल्याकडे तो 'शिवला कोण' असा झाला. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक प्रभृती मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे आली, गोपाळराव जोश्यांनी ती नावे 'पुणे वैभव'मधून जाहीर करवली, आणि प्रायश्चित्तापर्यंत जाणारे केवढे ग्रामण्य माजले, ते वाचकांना ठाऊक आहेच. असो. आपण आपल्या लाकडाकडे वळू.

लाकडात लाकूड बसवण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते. पहिली साधी आणि जुनी. भरीव फळीत पटाशीने खोबण कोरायची आणि तिच्यात दुसऱ्या रंगाचा तुकडा ठोकून बसवायचा, सोन्याच्या कोंदणात खडा बसवावा तसा. दुसऱ्या तऱ्हेला इंग्रजीत 'मार्केट्री' म्हणतात. बाजाराशी संबंध नाही, शब्द फ्रेंच आहे. तिच्यात खोबण नाहीच. लाकडाचे दीड-दोन मिलिमीटर जाडीचे पापुद्रे कापायचे, ते चित्राप्रमाणे कातरून एकमेकांत बसवायचे, आणि असे तयार झालेले सबंध चित्र साध्या लाकडाच्या सांगाड्यावर सरसाने चिकटवायचे. म्हणजे आपल्याला जी उंची शिसवी पेटी दिसते तिच्या पोटात पुष्कळदा साधे पाइनचे किंवा ओकचे लाकूड असते. यात फसवणूक काही नाही. उंची लाकूड एवढे महाग होते की भरीव वापरणे हाच मूर्खपणा ठरला असता. शिवाय अशा गाठीगाठीच्या सुंदर लाकडाची भरीव फळी वाकते, फाटते. पापुद्रा सांगाड्याला धरून राहतो.

हे पापुद्रे कापायचे यंत्र मोठे मजेदार. कारागीर एका लांबट बाकावर मांड टाकून बसतो. समोर लाकडाचा एक जबडा असतो, तो पायाने दाबला की मिटतो. चारपाच पापुद्र्यांची चवड कागदावरच्या चित्रासह त्या जबड्यात धरायची, आणि केसासारख्या बारीक करवतीने, मागेपुढे, मागेपुढे, रेघेबरहुकूम कापत जायचे. करवत जागच्या जागी चालते. फिरवायचे ते लाकूड. या बाकाला फ्रेंच कारागीर 'छोटा घोडा' म्हणतात आणि इंग्रज कारागीर 'गाढव'. काळे आणि पिवळे पापुद्रे एकत्र कापले की एका कापणीत दोन चित्रे हाती येतात: काळ्या जमिनीवर पिवळे फूल आणि पिवळ्या जमिनीवर काळे. उरलेले काही वाया जात नाही. जुन्या फर्निचरात अशा जावळ्या वस्तू कधी कधी सापडतात.

पण मला सर्वांत आवडते ती सावलीची युक्ती. पाकळी सपाट दिसू नये, तिला गोलाई यावी, म्हणून तिची एक कड काळसर करायची असते. रंग लावला तर तो सरसाबरोबर पसरेल, किंवा पुढे घासला जाईल. म्हणून लोखंडी तव्यात बारीक वाळू तापवतात आणि पाकळीची कड चिमट्याने धरून त्या वाळूत बुडवतात. वाळूच्या तळाशी आच जास्त, वर कमी. त्यामुळे टोक गडद भाजते आणि वर वर जाताना तांबूस छटा विरत जाते. दोन क्षण कमी झाले तर सावली पडत नाही, दोन क्षण जास्त झाले तर पाकळीचा कोळसा होतो. आपला फुटाणेवाला हेच करतो. फरक इतकाच की त्याचा एखादा फुटाणा करपला तर कोणी हिशेब मागत नाही.

लाकडे किती प्रकारची! पांढऱ्यासाठी हॉली, फिकट पिवळ्या रेघांसाठी बॉक्सवुड, काळ्यासाठी आबनूस, सोनेरी जमिनीसाठी हिंदुस्थानातून आणि लंकेतून जाणारे सॅटिनवुड, जांभळट तपकिरीसाठी ब्राझीलचे किंगवुड. करड्या, रुपेरी रंगासाठी सिकॅमोरचा पापुद्रा लोहक्षाराच्या पाण्यात भिजवत. हिरव्या पानासाठी आणि निळ्या फुलासाठी लाकूड रंगवूनच घ्यावे लागे. आणि इथेच काळाने कारागिराला दगा दिला आहे. ही टेबले आज आपण पाहतो ती मंद, मधाच्या रंगाची, कशी सात्त्विक दिसतात! पण जन्मतः ती तशी नव्हतीच. झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे ऊन पोचले नाही तिथे, तीच फुले हिरवीगार आणि लालचुटुक टिकलेली सापडतात. आपण जिला अभिजात रुचीची संयत रंगसंगती म्हणून वाखाणतो, ती दोनशे वर्षांच्या उन्हाची करामत आहे. अठराव्या शतकातली हौस आपल्या पैठणीच्या हौसेहून फारशी निराळी नव्हती.

या फर्निचरच्या संदर्भात तीन नावे पुन्हा पुन्हा ऐकू येतात. यॉर्कशरच्या थॉमस चिपेंडेलने १७५४ साली आपल्या नमुन्यांचे मोठे पुस्तक काढले. त्यात चहाच्या पेट्यांचे नमुने आहेत आणि 'चायना टेबल'ही आहे. त्याच्या चारी कडांना नक्षीचा बुटका कठडा, धक्का लागून चिनी मातीचा पेला खाली जाऊ नये म्हणून. पुस्तकातले चिपेंडेल नक्षी कोरण्याच्या बाजूचे. पण पुढे त्यांच्या कारखान्याने जडावकामातही कमाल केली. हेअरवुड हाउससाठी १७७३ साली त्यांनी पुरवलेल्या एका जडावाच्या कपाटिकेचे बिल ८६ पौंड झाले होते, आणि ती वस्तू डायना आणि मिनर्व्हा या तिच्यावरच्या देवतांच्या नावाने आजही ओळखली जाते. दुसरे जॉर्ज हेपलव्हाइट. ते हयातीत मुळीच प्रसिद्ध नव्हते. १७८६ मध्ये ते वारले, आणि दोन वर्षांनी त्यांची विधवा ॲलिस हिने नमुन्यांचे पुस्तक छापले, त्यात चहाच्या पेट्या आणि तबके आहेत. एका विधवेने छापलेल्या पुस्तकामुळे एका शैलीला नवऱ्याचे नाव मिळाले.

तिसरे थॉमस शेरेटन. पातळ, सरळ पाय, सॅटिनवुडची सोनेरी जमीन, तिच्यावर लंबगोलात जडवलेला शंख किंवा पंखा, कडेने बॉक्सवुडची काडीसारखी बारीक रेघ. असे काही दिसले की विक्रेता 'शेरेटन!' म्हणतो आणि किमतीला एक शून्य जोडतो. या गृहस्थाची हकिगत मात्र सांगण्यासारखी आहे. स्टॉक्टन गावचा हा सुतार लंडनला आला, १७९१ ते १७९४ या काळात त्याने आपले 'ड्रॉइंग बुक' भागाभागांनी छापले, आणि शेकडो सुतारांनी वर्गणी भरून ते घेतले. त्याच्या स्वतःच्या हातची म्हणून खात्रीने दाखवता येईल अशी वस्तू मात्र नाही. तो नमुने काढी, चित्रकला शिकवी, फावल्या वेळात बॅप्टिस्ट पंथाची प्रवचने देई, पुस्तके लिही, आणि यांतल्या कशावरही पोट भरत नसे.

पुढे एडिंबरचा मोठा प्रकाशक झालेला ॲडम ब्लॅक हा उमेदवारीच्या दिवसांत, शेरेटनच्या अखेरच्या काळात, सुमारे आठवडाभर त्यांच्याकडे कामाला होता. त्याने आठवणीत लिहून ठेवले आहे की सोहोमधल्या एका गल्लीत, अर्धे दुकान आणि अर्धे बिऱ्हाड अशा जागेत हे कुटुंब राहत होते. एका संध्याकाळी ब्लॅकला चहाला थांबवून घेतले. घरात कप-बश्या दोनच: एक यजमानांची आणि एक त्यांच्या पत्नीची. मुलीसाठी एक लहान वाटी होती. बाईंनी आपली कपबशी पाहुण्यापुढे ठेवली आणि स्वतः दुसऱ्या एका वाटीतून चहा घेतला. कामाचा मोबदला म्हणून ब्लॅकला जे काही नाणे मिळाले ते तुटपुंजे होते, तरी त्या माणसाकडून घेताना आपल्याला शरम वाटली, असेही तो म्हणतो. ऑक्टोबर १८०६ मध्ये शेरेटन वारले.

ज्या माणसाच्या नावावर आज जगभर चहाची टेबले विकली जातात, त्याच्या घरी चौथा कप तर सोडाच, तिसराही नव्हता. लंडनच्या संग्रहालयांतून त्या नावाच्या पाट्या वाचणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवायला हरकत नाही. निदान त्यांचे नाव तरी राहिले. गाढवावर मांड टाकून बसलेला, तव्याजवळ चिमटा धरून बसलेला जो कारागीर, त्याचे नाव पेटीवर जवळजवळ कधीच सापडत नाही.

आणि आणखी मागे गेले तर आणखी निनावी माणसे आहेत. १७२१ साली पार्लमेंटने वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरची जकात उठवली आणि जमेकाचे महॉगनी इंग्लंडात धो धो येऊ लागले. लालसर, घट्ट, आरशासारखे चकाकणारे हे लाकूड चहाच्या टेबलासाठीच देवाने निर्मिले असावे असे त्या लोकांना वाटले. ते जंगलात तोडत होते आफ्रिकेतून पकडून नेलेले गुलाम. पेटीतल्या वाडग्यातली साखर पिकवत होते तेही गुलामच. हे तेव्हाही लोकांना कळत होते. १७९१ नंतर हजारो इंग्रज कुटुंबांनी वेस्ट इंडीजची साखर सोडली. पुढे काही घरांत तर, ही साखर ईस्ट इंडियाची असून गुलामांच्या कष्टाची नाही, अशा अर्थाची अक्षरे असलेली साखरपात्रे चहाच्या टेबलावर आली. स्वदेशीची शपथ घेणाऱ्या घरांचीच ही आवृत्ती म्हणा ना! मात्र चहाची किंमत चीनला पोचवण्यासाठी कंपनीच्या राज्यात जी अफू पिकत होती आणि जी माळव्यातून मुंबई बंदरावर येत होती, तिच्याबद्दल साखरपात्रावर काही लिहिलेले नसे.

आता एका वेगळ्याच जडावाची गोष्ट. लंडनच्या दक्षिणेला केंट परगण्यात टनब्रिज वेल्स नावाचे गाव आहे. १६०६ साली तिथे लोहयुक्त पाण्याचा झरा सापडला, आणि हवापालटाला येणाऱ्या धनिकांची रीघ लागली. जिथे यात्रा तिथे खेळणी-लाकडीसामानाची दुकाने, हा नियम पंढरपूरला तसा तिथेही. १८३० च्या सुमारास तिथल्या सुतारांनी एक नवी रीत काढली. चित्र आधी चौकटीच्या कागदावर उतरवायचे, आपल्या बायका दोसुतीवर भरतकामाचा नमुना मोजतात तसे. मग एकेका चौकटीसाठी त्या त्या रंगाच्या लाकडाची बारीक लांब काडी घ्यायची. अशा शेकडो काड्या चित्राच्या क्रमाने रचून सरसाने त्यांचा एक ठोकळा करायचा. नुसता पाहिला तर लाकडाचा ओबडधोबड दांडा. पण तो आडवा कापला की प्रत्येक चकतीवर तेच फुलपाखरू, तोच गुलाब! अळूवडीचा उंडा कापताना प्रत्येक वडीवर तेच वेटोळे निघते ना, अगदी तसे. एका ठोकळ्यातून कितीतरी पापुद्रे निघत आणि ते चहाच्या पेट्यांच्या झाकणांवर बसत.

टनब्रिजवाले लाकडाला शक्यतो रंग देत नसत, याचा त्यांना अभिमान होता. शंभरावर जातींची लाकडे ते जमवीत. हिरव्यासाठी ते जंगलात पडलेल्या ओकच्या फांद्या शोधीत. एका प्रकारच्या बुरशीने ते लाकूड आतून निळसर हिरवे होते. करड्यासाठी लाकूड गावच्या लोहयुक्त झऱ्याच्याच पाण्यात भिजत घालीत. गावचे पाणी पोटालाही उपयोगी आणि पेटीलाही.

हेच कसब त्याच्या आधीपासून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर चालत होते. त्याचे नाव सादेली. इराणातल्या शिराझहून ते सिंध-गुजरातमार्गे आले असे सांगतात. सुरतेला रुजले आणि तिथून मुंबईला. पद्धत तीच: काड्यांची जुडी, सरस, आडवा काप. पण सामग्री किती निराळी! हस्तिदंत, तोच हिरवा रंगवलेला, आबनूस, पतंगाचे लाल लाकूड, सांबरशिंग, चंदन आणि कथलाची तार. टनब्रिजच्या पेटीवर किल्ल्यांची आणि फुलांची चित्रे, तर सादेलीत षट्कोन, तारे, त्रिकोण. आणि कथलाच्या तारेमुळे सगळ्यावर एक रुपेरी लुकलुक. जॉर्ज बर्डवुड यांनी, ज्यांचे नाव भायखळ्याच्या, आताच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या उभारणीशी जोडलेले आहे, १८८० सालच्या आपल्या हिंदी कलाकौशल्यावरच्या ग्रंथात या मुंबईकामाचे सविस्तर वर्णन केले आहे. शिवणाच्या पेट्या, लिहिण्याच्या पेट्या, कार्डे ठेवायच्या डब्या अशा वस्तू मडमा इथून घेऊन जात, आणि विलायतेत त्यांना 'बॉम्बे बॉक्स' हेच नाव पडले. इंग्रजांच्या एकाच टेबलावर टनब्रिजची चहापेटी आणि मुंबईची शिवणपेटी शेजारी बसल्या असतील, तर त्या एकमेकींना ओळखायला हव्या होत्या. आज त्यांतली मुंबईची पेटी अडचणीत आहे. हस्तिदंताच्या व्यापारावर इंग्लंडात २०२२ पासून कडक कायदा लागू झाला आणि अपवादात बसल्याशिवाय अशी जुनी पेटीही तिथे विकता येत नाही. हत्तीच्या दृष्टीने पाहिले तर तक्रारीला जागा नाही.

चहाच्या पेटीला उतरती कळा लावली ती आसामने. १० जानेवारी १८३९ रोजी लंडनला आसामच्या चहाचा पहिला लिलाव झाला. पुढच्या पन्नास वर्षांत चहा इतका स्वस्त झाला की कुलपाची गरज उरली नाही. तो पत्र्याच्या डब्यात स्वयंपाकघरात गेला आणि मोलकरीणच चहा करू लागली. पेट्यांत मग बटणे आली, पत्रे आली. विसाव्या शतकाच्या आरंभी, सातव्या एडवर्डच्या काळात, मात्र शेरेटनची फॅशन पुन्हा उसळली. मध्ये शंख जडवलेली, पितळी कड्यांची महॉगनीची लंबगोल तबके, काढता येणाऱ्या काचेच्या ट्रेची दुमजली टेबले आणि केकसाठी तीन ताटल्यांच्या उंच उतरंडी हे सगळे त्या काळचे. त्या उतरंडीला 'क्यूरेट' म्हणजे धाकटे पाद्रीबुवा असे नाव होते, कारण चहापार्टीत बायकांना केक फिरवण्याचे काम ते करीत!

याच काळात एक लबाडीही फोफावली. शंभर वर्षांपूर्वीची साधी, नक्षी नसलेली खरी पेटी घ्यायची आणि तिच्या झाकणात नवा शंख जडवून टाकायचा. पेटी खरी, नक्षी नंतरची. मुंबईच्या चोर बाजारात किंवा कोणा जुन्या बंगल्याच्या लिलावात अशी एखादी वस्तू तुमच्यापुढे आली, तर वरच्या शंखाकडे आधी पाहूच नका. ती उलटी करा, झाकण उघडा, बिजागऱ्यांपाशी दुसऱ्या स्क्रूंची बुजवलेली भोके आहेत का पाहा. आत आणि बाहेर लाकडाचा रंग सारखाच असेल तर संशय घ्या. भरीव फळीचे गोल टेबल असेल तर फूटपट्टीने त्याचा व्यास दोन दिशांनी मोजा. लाकूड रेषांच्या आडव्या अंगाने आकसते, उभ्या अंगाने जवळजवळ नाही. म्हणून दोनशे वर्षांचे गोल टेबल पुरते गोल राहिलेले नसते. तंतोतंत गोल निघाले तर त्याचे वय विक्रेत्यापेक्षा कमी असण्याचा संभव आहे.

आणि तुमच्या घरी आजोबांनी कोणा साहेबाच्या लिलावात घेतलेले असे तबक आधीच असेल, तर पावसाळ्यात त्याला जपा. सरस हा जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेला. दमट हवेत तो मऊ पडतो आणि पापुद्रे सुटू लागतात. इथल्या हवेत ते टिकत नाहीत हे ओळखूनच आपल्याकडचे कारागीर साहेबांसाठी फर्निचर करताना भरीव शिसवी किंवा सागवान वापरीत. ओल्या फडक्याने पुसू नका, गरम भांडे थेट ठेवू नका, आणि पॉलिशवाल्याच्या हाती पॉलिशपेपर तर मुळीच देऊ नका. दीड मिलिमीटरची पाकळी दोन हातांत नाहीशी होते. सुटलेली जागा बाजारातल्या पांढऱ्या गोंदाने चिकटवण्याचा मोह होईल, पण तो गोंद पुन्हा सहजासहजी सुटत नाही. सरसाचे तसे नाही, ऊब आणि ओल दिली की तो सुटतो आणि जाणता कारागीर तुकडा पुन्हा नीट बसवू शकतो. तोवर निघालेला तुकडा एका पाकिटात घाला, तो कुठून निघाला ते पाकिटावर लिहा, आणि पाकीट त्याच वस्तूच्या ड्रॉवरमध्ये ठेवून द्या.